क्वार्टरबॅकचं रेटिंग: हा आकडा नेमकं काय मोजतो?

कोलंबसकर_निनाद

मंडळी, इथे एनएफएलवर (अमेरिकन फुटबॉलची लीग) फार कमी लिहिलं जातं पण रविवारी बघणारे बरेच जण आहेत हे माहितीये म्हणून धागा काढतोय. विषय एकच, पासर रेटिंग, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला मिळणारा आकडा. मॅच चालू असताना खाली पट्टी येते, समालोचक म्हणतो आज याचं रेटिंग १०५, आणि सगळे माना डोलावतात. ते १०५ कशातले १०५ हे कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं की हा आकडा क्वार्टरबॅकचा खेळ मोजतच नाही, फक्त त्याच्या हातातून सुटलेल्या बॉलचं काय झालं तेवढं मोजतो, आणि तेही वाकड्या मापाने.

सुपर बोल ५६ (लीगची फायनल) घ्या, फेब्रुवारी २०२२, रॅम्स २३ बेंगल्स २०. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो: ३३ पैकी २२ पास पूर्ण, २६३ यार्ड, १ टचडाऊन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं), इंटरसेप्शन (विरुद्ध टीमने पकडलेला पास) शून्य. रेटिंग १००.९. रॅम्सचा मॅथ्यू स्टॅफर्ड: ४० पैकी २६, २८३ यार्ड, ३ टचडाऊन, २ इंटरसेप्शन. रेटिंग ८९.९. म्हणजे कागदावर बरो ११ गुणांनी सरस. मी बेंगल्सवाला आहे, बरो माझा जीव की प्राण, तरीही सांगतो की त्या रात्री तो सरस नव्हता. सात वेळा सॅक झाला (पास टाकायच्या आत बॉलसकट पाडला गेला), शेवटी चौथ्या डाऊनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा) एक यार्ड हवा होता तेव्हा रॅम्सच्या अ‍ॅरन डोनाल्डने त्याला धरून गरगर फिरवलं आणि त्याने पडता पडता बॉल कसातरी भिरकावला. ते सात सॅक रेटिंगमध्ये कुठे आहेत? कुठेच नाहीत. आणि त्याच्या आधी स्टॅफर्डने ७९ यार्डांचा ड्राईव्ह (सलग चढाई) नेऊन रिसीव्हर (पास झेलणारा) कूपर कपला टचडाऊन दिला, दीड मिनिटाहून कमी वेळ उरला असताना. त्याला वेगळे गुण? तेही नाहीत.

तर प्रश्न: इतकी वर्षं झाली तरी हा आकडा का चालतो, आणि तुम्ही स्वतः क्वार्टरबॅक कसा जोखता?

---

विदर्भवीर

वाचतोय. मला अजून फर्स्ट डाऊनच नीट कळला नाही पण धागा भारी होणार असं दिसतंय.

---

आकडेमोड

निनाद, आधी सगळ्यांसाठी सूत्र सांगून टाकतो, म्हणजे पुढची भांडणं व्यवस्थित होतील.

चार गोष्टी घेतात. किती टक्के पास पूर्ण झाले, दर पासमागे किती यार्ड, किती टक्के पासना टचडाऊन, किती टक्के पास विरुद्ध टीमने पकडले. प्रत्येक गोष्टीला कमीत कमी ०, जास्तीत जास्त २.३७५ गुण. चारींची बेरीज करायची, ६ ने भागायचं, १०० ने गुणायचं. म्हणून परफेक्ट रेटिंग १५८.३ असं विचित्र येतं.

आता यातली खरी गोम. सूत्र जरा उलगडून बघितलं की कळतं, त्यात एक पूर्ण झालेला पास हा २० यार्डांच्या बरोबरीचा धरलाय. म्हणजे यार्ड मिळाले ते मिळालेच, वर पास पूर्ण झाला म्हणून आणखी २० यार्डांची बक्षिसी. टचडाऊनला ८० यार्ड, इंटरसेप्शनला वजा १००. नंतरच्या अभ्यासकांनी हिशोब केला तर टचडाऊनची जादा किंमत साधारण २० यार्ड आणि इंटरसेप्शनची वजा ४५ निघते. आणि नुसता पास पूर्ण होण्याला वेगळी बक्षिसी द्यायचं काही कारणच नाही, यार्डांमध्ये ते आलेलं असतंच. म्हणजे इथे टचडाऊन चौपट महाग आहे, इंटरसेप्शन दुपटीहून महाग आहे, आणि दोन यार्डांचा चिल्लर पास फुकटात श्रीमंत झालाय.

---

मुक्तछंद

माझा आवडता आकडा ३९.६. मॅचभर क्वार्टरबॅकने प्रत्येक बॉल मुकाट्याने जमिनीवर आपटला, एकही पास पूर्ण नाही, एकही यार्ड नाही, तरी रेटिंग ३९.६ येतं कारण इंटरसेप्शन नाही ना झाला! त्या भागाचे पूर्ण २.३७५ खिशात.

आता नेथन पीटरमन. नोव्हेंबर २०१७, बिल्स विरुद्ध चार्जर्स, सुरुवातीपासून खेळायची त्याची पहिली एनएफएल मॅच. १४ पैकी ६ पास, ६६ यार्ड, पाच इंटरसेप्शन. पाचही पहिल्या हाफमध्ये. रेटिंग १७.९. जमिनीवर आपटत राहिला असता तर दुपटीहून जास्त मिळालं असतं :ड

---

आकडेमोड

मुक्तछंद, पीटरमनच्या उदाहरणात अजून एक गंमत आहे. इंटरसेप्शनचं प्रमाण ९.५ टक्क्यांच्या वर गेलं की तो भाग शून्य होतो आणि तिथेच थांबतो. १४ पासमध्ये दोन इंटरसेप्शन म्हणजेच १४ टक्के. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून त्याने पाचऐवजी दोनच दिले असते तरी रेटिंग १७.९ च आलं असतं. तिसरा, चौथा, पाचवा, सूत्राच्या दृष्टीने घडलेच नाहीत.

वरच्या टोकाला पण हेच. २०१३ ला पेटन मॅनिंगने सीझनच्या पहिल्याच मॅचला रेव्हन्सविरुद्ध सात टचडाऊन पास टाकले, ४२ पैकी २७, ४६२ यार्ड, इंटरसेप्शन नाही. रेटिंग १४१.१. टचडाऊनच्या भागाला ११.८७५ टक्क्यांवर झाकण आहे, ४२ पासचे तेवढे टक्के म्हणजे पाच. सहावा आणि सातवा टचडाऊन हवेत विरला. त्याच वर्षी निक फोल्सने रेडर्सविरुद्ध सात टाकले, २८ पैकी २२, आणि त्याला १५८.३. तिथे तर सातापैकी साडेतीनसुद्धा मोजले गेले नाहीत, पण बाकीचे तिन्ही भाग झाकणाला लागले होते म्हणून परफेक्ट.

---

लाईनमन

सॅकचा विषय काढल्याबद्दल निनादचे आभार, कारण माझं डोकं कायम यावरच फिरतं आणि घरात कोणी ऐकून घेत नाही. नुसतं सॅक मोजत नाहीत एवढंच असतं तर एकवेळ चाललं असतं, पण हा आकडा उलट चुकीचा निर्णय घेणाऱ्याला बक्षीस देतो ते मला सहन होत नाही. हिशोबच करून दाखवतो.

समजा एकाचे ३० पैकी २० पास, २४० यार्ड, २ टचडाऊन, १ इंटरसेप्शन. रेटिंग ९९.३. आता पुढच्या प्लेला पॉकेट (क्वार्टरबॅकभोवती त्याच्या रक्षकांनी केलेलं कडं) कोसळतंय, कोणी मोकळा नाही. तीन रस्ते आहेत. एक, शहाण्यासारखा बॉल साईडलाईनबाहेर फेकून दे. यार्ड गेला नाही, बॉल आपल्याकडेच, पुढचा डाऊन खेळू. रेटिंग ९६.२ वर घसरलं. दोन, घाबरून मागच्या रनिंग बॅककडे (बॉल घेऊन धावणारा) टाक, तो तीन यार्ड मागेच आडवा झाला. टीमचं नुकसान तीन यार्ड, पण पास पूर्ण झाला म्हणून रेटिंग ९८.५. तीन, बॉल कवटाळून बस, नऊ यार्ड मागे सॅक खा, नशीब फिरलं तर फंबलही (हातातून बॉल सुटणं) कर. रेटिंग? ९९.३. केसाला धक्का नाही.

टीमच्या भल्याचा क्रम आणि रेटिंगचा क्रम बरोब्बर उलटा. पहिला पर्याय कोचला सगळ्यात आवडतो आणि आकड्याला सगळ्यात नावडतो. ऑफेन्सिव्ह लाईन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी) बघणाऱ्या माणसाला हे बघून किती त्रास होतो ते लिहून सांगता येणार नाही.

---

सौ_टचडाऊन

लाईनमन दादा, तुमचा पहिला रस्ता आमच्या घरात घडलेला आहे. आम्ही डॅलसच्या बाहेर राहतो, मुलगा हायस्कूलच्या ज्युनिअर टीमला क्वार्टरबॅक. गेल्या सीझनला एका मॅचला दोन पोरं अंगावर धावून आली तेव्हा त्याने बॉल थेट पाण्याच्या टेबलावरून पलीकडे भिरकावला. बाकावरच्या आयांनी उसासे टाकले, मीही टाकला, पण त्याचे कोच साईडलाईनवर दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते आणि तो बाहेर आल्यावर हेल्मेटवर टपली मारून म्हणाले आजचा सगळ्यात चांगला थ्रो. घरी येऊन पोराने अ‍ॅपवर स्वतःचे आकडे बघितले आणि तोंड पाडून बसला कारण तो थ्रो तिथे नुसता अपूर्ण पास म्हणून लागला होता. मी त्याला सांगितलं की कोचचं ऐक, अ‍ॅपचं नको. पण सोळा वर्षांच्या मुलाला हे पटवणं अवघड असतं हो, सगळे मित्र आकडेच दाखवतात एकमेकांना.

---

पुणेरी_पंटर

मी इथे पुण्यात बसून रेडझोन (सगळ्या मॅचचे मोक्याचे क्षण दाखवणारं चॅनल) बघतो, रविवारी रात्री साडेदहाला सुरू, नंतर अमेरिकेत घड्याळ बदललं की साडेअकराला. सोमवारी ऑफिसात माझी काय अवस्था असते ते विचारू नका.

मला हे सगळं क्रिकेटच्या अ‍ॅव्हरेजसारखं वाटतं. खालच्या नंबरचा माणूस नॉट आऊट राहून राहून अ‍ॅव्हरेज फुगवतो, आणि शेवटच्या तीन ओव्हरला जीव तोडून मारायला जाऊन आऊट होणाऱ्याचं अ‍ॅव्हरेज पडतं. तिथे पण टीमसाठी योग्य ते केलं की आकडा शिक्षा करतो. हाफ संपताना शेवटच्या सेकंदाला लांब हेल मेरी (नशिबावर भिरकावलेला पास) टाकायची वेळ येते तेव्हा काही क्वार्टरबॅक टाळतात ते यामुळेच ना?

---

जुनाखोड

पंटर, तुलना अर्धीच लागू पडते. बॅट्समन शेवटी स्वतःच्या बॅटने खेळतो. क्वार्टरबॅकचा प्रत्येक आकडा किमान सात जणांच्या हातापायातून जातो, पाच लाईनवाले, एक पकडणारा, आणि प्ले निवडणारा कोच. म्हणून इथला गोंधळ जास्त खोल आहे.

मी या देशात १९७९ ला आलो, पिट्सबर्ग भागात. तेव्हा तिथला क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ देवासारखा होता. चार सुपर बोल जिंकला. त्याचं करिअर रेटिंग किती? ७०.९. आज एवढं रेटिंग असलेल्याला तिसऱ्या आठवड्यात बाकावर बसवतील. जो नेमथचं तर ६५.५, १७३ टचडाऊन आणि २२० इंटरसेप्शन. तरीही १९६७ ला एका सीझनमध्ये ४००० यार्ड ओलांडणारा तो पहिला, आणि १९८५ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. माझा नातू आकडे बघून म्हणतो, आबा हा नेमथ कसला बोगस होता. त्याला काय सांगू!

मुळात हे सूत्र १९७३ ला लीगने स्वीकारलं. त्याआधी पासर ठरवायच्या पद्धती सारख्या बदलायच्या, कधी यार्डांवर, कधी टक्केवारीवर, मग सगळ्यांचे एकमेकांशी क्रमांक लावून बेरीज. त्यात अडचण अशी की बाकीच्यांचे आकडे आल्याशिवाय आपला माणूस कितवा ते कळायचंच नाही. म्हणून लीगचे कमिशनर पीट रोझेल यांच्या काळात हॉल ऑफ फेमच्या डॉन स्मिथ यांनी आणि त्यांच्या समितीने पक्क्या मापाचं सूत्र बसवलं. त्यांच्या आधीच्या दहा-बारा वर्षांचा सरासरी खेळ धरला, ५० टक्के पास पूर्ण, दर पास ७ यार्ड, ५ टक्के टचडाऊन, ५.५ टक्के इंटरसेप्शन, आणि असं खेळणाऱ्याला ६६.७ मिळेल असं ठेवलं. त्या दिवसात ते अगदी बरोबर होतं, मी त्या माणसांना नावं ठेवणार नाही.

पण १९७८ ला नियम बदलले. पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावायची बंदी आली, लाईनवाल्यांना हात पसरून अडवायची मोकळीक मिळाली. पुढे २००४ ला तेच नियम अजून कडक राबवायला लागले. आज लीगची सरासरीच ९० च्या आसपास आहे आणि इंटरसेप्शन तेव्हाच्या निम्म्याहून कमी. माप मात्र तेच, १९६० च्या दशकातलं. मग १९७५ चा ७० आणि आजचा ९५ एका फुटपट्टीवर कसे ठेवणार?

---

पुणेरी_पंटर

काका मान्य. सात जणांचा मुद्दा पटला.

---

रेवा_एस

जुनाखोड काका, नातवाला सांगा की नेमथच्या काळात सरासरी माणसाचंच ६६.७ होतं, म्हणजे नेमथ साधारण सरासरीला आणि वर त्याने सुपर बोल ३ जिंकून दाखवला. मग त्याला कळेल.

मला दुसरा मुद्दा मांडायचाय, धावण्याचा. २०१९ ला लमार जॅक्सन १२०६ यार्ड धावला, क्वार्टरबॅक असून. पासर रेटिंगमध्ये त्यातला एक यार्डही नाही. नाव पासर रेटिंग आहे हे कबूल, पण टीव्हीवर ते क्वार्टरबॅक रेटिंग म्हणूनच वापरतात ना, तिथे फसवणूक होते.

आणि २०२४ चा एमव्हीपीचा (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) वाद आठवा. लमारचं रेटिंग ११९.६, लीगमध्ये सगळ्यात वर, ४१ टचडाऊन आणि फक्त ४ इंटरसेप्शन. जॉश अ‍ॅलनचं १०१.४. अठरा गुणांचा फरक! आणि एमव्हीपी अ‍ॅलन, पहिल्या पसंतीची २७ मतं विरुद्ध २३. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस युद्ध चाललं होतं. अ‍ॅलन त्या वर्षी फक्त १४ वेळा सॅक झाला आणि स्वतः धावत १२ टचडाऊन केले, हे दोन्ही रेटिंगच्या नजरेआड.

---

रेटिंगसमर्थक_नाशिक

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. रेवाताई, तुमचंच उदाहरण घेतो. अ‍ॅलनला एमव्हीपी मिळालं पण ऑल-प्रो (त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड) पहिल्या टीममध्ये क्वार्टरबॅक म्हणून लमारच निवडला गेला. म्हणजे रेटिंगने ज्याला वर दाखवलं त्यालाही जाणकारांनी पहिला मानलंच की.

या आकड्याचे दोष मला माहीत आहेत. पण तो चार साध्या गोष्टींवरून निघतो, पेपरातला बॉक्स स्कोअर घेऊन कोणीही घरी काढू शकतो, पन्नास वर्षांपूर्वीच्या मॅचचाही काढता येतो. कोणाची मर्जी नाही, कोणाचं गुपित नाही. आणि ज्या टीमचं रेटिंग जास्त ती बहुतेक वेळा मॅच जिंकते हेही खरंय. तुमचे ते नवे आकडे बघा, ईएसपीएन चॅनलचा क्यूबीआर (त्यांचं स्वतःचं क्वार्टरबॅक रेटिंग), २०११ पासून आहे, ० ते १००. आत काय शिजतं ते पूर्ण सांगतच नाहीत. त्याच वर्षी एका आठवड्यात टिम टीबोने १० पैकी ४ पास, ७९ यार्ड, आणि क्यूबीआर मात्र अ‍ॅरन रॉजर्सच्या वर, ज्याने त्या रविवारी ३९६ यार्ड टाकले होते. मला दोष दिसणारं यंत्र चालेल, झाकलेलं नको.

---

रेवा_एस

नाशिककर, टीबो त्या दिवशी उशिरा मैदानात उतरला, धावून टचडाऊन केला, एक पासवर केला, हरत असलेली टीम जवळजवळ परत आणली. क्यूबीआर परिस्थितीला वजन देतो, म्हणून तसा आला. रॉजर्सच्या वर ठेवणं मलाही पटत नाही, पण तो आकडा आभाळातून पडलेला नाही. सूत्र उघड हवं, यावर मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

आकडेमोड

जास्त रेटिंगवाली टीम जिंकते, हे वाक्य मी बरेचदा ऐकतो. दिशा कुठली? टीम पुढे असली की क्वार्टरबॅकला धोका पत्करायची गरज नसते, सोपे पास टाकतो, रेटिंग वाढतं. मागे असलेला लांब लांब टाकतो, इंटरसेप्शन देतो, रेटिंग पडतं. जिंकण्यामुळे रेटिंग की रेटिंगमुळे जिंकणं, हे त्या आकड्यातून सुटत नाही.

आणि उघड सूत्रच हवं असेल तर ईपीए (प्लेमुळे अपेक्षित गुणांत पडलेली भर) बघा. मैदानात तुम्ही कुठे आहात, कितवा डाऊन, किती यार्ड हवेत, त्यावरून सरासरी किती गुण अपेक्षित असतात ते आधी काढायचं, प्लेनंतर परत काढायचं, फरक तो त्या प्लेचा. तिसऱ्या डाऊनला आठ हवे असताना पाच यार्डांचा पास पूर्ण केला तर रेटिंग कौतुक करतं, ईपीए म्हणतं पंट (लाथेने बॉल दूर मारून विरुद्ध टीमला देणं) करावा लागणार, वजा. आज ही सगळी माहिती कोणालाही फुकट उतरवून घेता येते, लोक घरी बसून काढतात.

ही कल्पना कोणी मांडली माहितीये? व्हर्जिल कार्टर, सिनसिनाटी बेंगल्सचा स्वतः क्वार्टरबॅक! १९७१ ला एका प्राध्यापकांबरोबर शोधनिबंध लिहिला. निनाद, तुमच्याच टीमचा माणूस. म्हणजे लीगने रेटिंग स्वीकारण्याच्या दोन वर्षं आधी योग्य रस्ता कागदावर होता.

---

कोलंबसकर_निनाद

कार्टरबद्दल वाचून छाती फुगली! आणि योग बघा, याच कार्टरसाठी कोच बिल वॉल्शने बेंगल्समध्ये छोट्या पासचा ऑफेन्स (आक्रमणाची पद्धत) बसवला, कारण त्याचा हात लांब टाकण्याइतका जोरदार नव्हता. तोच ऑफेन्स पुढे फोर्टी नायनर्स टीममध्ये नावारूपाला आला आणि अख्ख्या लीगमध्ये पसरला. छोटे पास म्हणजे जास्त पूर्ण होणारे पास, म्हणजे रेटिंगची चांदी. सॅम ब्रॅडफर्ड २०१६ ला व्हायकिंग्जकडून ७१.६ टक्के पास पूर्ण करून तेव्हाचा विक्रम करून गेला, रेटिंग ९९.३, आणि दर पास यार्ड जेमतेम सात. टीम ८-८. तो वाईट नव्हता, लाईन मोडकी होती, बिचारा बॉल पटकन सोडत होता. पण ९९.३ बघून जे चित्र उभं राहतं ते तो नव्हे.

---

लाईनमन

अजून एक राहिलंच, रिसीव्हरच्या हातातून उडालेले बॉल. निनादने सांगितलेल्या सुपर बोलमध्ये स्टॅफर्डचे दोन इंटरसेप्शन होते ना, आठवून बघा. दुसरा बेन स्कोरोनेकच्या हातांना लागून उडाला आणि चिडोबे अवुझीने झेलला. तो नुसता खाली पडला असता तरी रेटिंग ८९.९ चं १००.३ झालं असतं, म्हणजे बरोच्या बरोबरीला. पहिला तर तिसऱ्या डाऊनला बरेच यार्ड हवे असताना थेट एंड झोनमध्ये (टोकाच्या पट्ट्यात) टाकलेला, जेसी बेट्सने पकडला, म्हणजे जवळजवळ पंटच. वर बेंगल्सचा एक न खेळणारा माणूस साध्या कपड्यात मैदानात नाचत आला आणि पेनल्टी होऊन त्यांना दहा यार्ड लाईनवरून सुरुवात करावी लागली. स्टॅफर्डच्या नावावर वजा शंभर यार्ड, प्रत्यक्षात रॅम्सचं काहीच गेलं नाही.

उलट बाजूला बरोचा एकमेव टचडाऊन पास, टी हिगिन्सला ७५ यार्ड. रिप्ले बघा, हिगिन्सने रॅम्सच्या जेलन रॅम्सीचं फेसमास्क (हेल्मेटची जाळी) ओढून मान वळवली होती, रेफ्रींना दिसलं नाही. ते ७५ यार्ड आणि तो टचडाऊन काढा, १००.९ चं काय उरतं?

---

कोलंबसकर_निनाद

लाईनमन, ते फेसमास्क आम्ही बेंगल्सवाले कबूल करतो पण एवढ्या मोठ्याने नाही हो :)

---

सौ_टचडाऊन

ईलाय मॅनिंगलाही धरा. २०१० ला २५ इंटरसेप्शन, लीगमध्ये सगळ्यात जास्त, त्यातले कितीतरी रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेले. पुढच्याच सीझनला सुपर बोल जिंकला. माणूस तोच, हात तोच.

अवांतर: सुपर बोलला मी दरवर्षी साबुदाणा वडे करते, इथले शेजारी विंग्ज सोडून ते खातात.

---

विदर्भवीर

वड्यांची रेसिपी द्या ताई. आणि एकच आकडा बघायचा झाला तर कुठला ते कोणीतरी सरळ सांगा, मी या सीझनपासून नीट बघणारे.

---

आकडेमोड

विदर्भवीर, घरी वहीत काढता येईल असा सांगतो. पासचे यार्ड घ्या, प्रत्येक टचडाऊनला २० मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गेलेले यार्डही वजा करा. त्याला पास अधिक सॅक या संख्येने भागा. सूत्र उघड आहे, त्यामुळे नाशिककरांनाही चालावं. धावणं यात नाही, रिसीव्हरच्या चुकाही सुटत नाहीत, पण सॅक आहेत आणि वजनं बरीच ताळ्यावर आहेत.

फरक किती पडतो ते बघा, २०२१ चा सीझन. बरो ५२० पास, ४६११ यार्ड, ३४ टचडाऊन, १४ इंटरसेप्शन. रॉजर्स ५३१ पास, ४११५ यार्ड, ३७ आणि ४. सॅक सोडून हिशोब केला तर बरो दर पास ९.० यार्ड, रॉजर्स ८.८. बरो पुढे! आता सॅक घाला. बरो ५१ वेळा सॅक, ३७० यार्ड गेले. रॉजर्स ३० वेळा, १८८ यार्ड. बरो ७.५, रॉजर्स ८.०. एमव्हीपी रॉजर्सच झाला.

---

रेटिंगसमर्थक_नाशिक

हे चालेल मला. पण ३७० यार्ड बरोच्या खात्यावर घालणं कितपत न्याय्य? लाईन त्याची नव्हती का भिकार? तुम्ही एका अन्यायाच्या जागी दुसरा आणताय.

---

लाईनमन

मी आयुष्यभर लाईनची बाजू घेत आलो म्हणून मीच उत्तर देतो. सॅक बऱ्याच प्रमाणात क्वार्टरबॅकचेच असतात. बॉल किती वेळ हातात ठेवायचा हे तो ठरवतो. क्वार्टरबॅक टीम बदलतो तेव्हा त्याची सॅकची सवय बरीचशी त्याच्याबरोबर जाते, लाईन मागेच राहते. बेंगल्सने २०२२ ला लाईनवर पैसा ओतला, कॅपा, कॅरस, लाएल कॉलिन्स, तीन नवे आणले. पहिल्या दोन मॅचमध्ये बरो किती वेळा सॅक झाला? तेरा.

---

कोलंबसकर_निनाद

तेरा, हो, स्टीलर्सविरुद्ध सात आणि काउबॉइजविरुद्ध सहा, दोन्ही बघितल्या. पण लाईनमन, पुढचंही सांगा ना. त्या सीझनला एकूण ४१, म्हणजे उरलेल्या १४ मॅचमध्ये २८. दर मॅचला साडेसहावरून दोनवर आला. लाईन एकमेकांत मुरली हे खरं, आणि बरो बॉल लवकर सोडायला शिकला हेही खरं. टीम १२-४ ने संपली आणि परत एएफसी फायनलला (सुपर बोलच्या आधीची मॅच) गेली. त्याचं रेटिंग मात्र आदल्या वर्षीच्या १०८.३ वरून १००.७ वर उतरलं. मी दोन्ही सीझनचा जवळजवळ प्रत्येक स्नॅप (प्ले) बघितलाय आणि माझ्या मते २०२२ चा बरो जास्त चांगला क्वार्टरबॅक होता. नाशिककर, यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.

---

रेटिंगसमर्थक_नाशिक

२०२२ च्या मॅचेस मी पूर्ण बघितलेल्या नाहीत. शनिवारी त्या दोन्ही सीझनचे आकडे वहीत काढून, आकडेमोड यांच्या सूत्राने, इथे टाकतो. मग बोलू.